कोणाचा तरी मफलर

लिव्हरपूल हे नाव मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागवण्यासाठी आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला धावू लागला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. लिव्हरपूलचा भाव चढला की मुंबईत दिवाळी आणि उतरला की शिमगा, असे ते दिवस होते. परंतु मी आज जी हकिगत सांगायला बसलो आहे ती कापसाची नव्हे, लोकरीची आहे. तांबड्या लोकरीच्या एका मफलरची.

आधीच कबूल करतो की फुटबॉलमधले मला काही कळत नाही. चेंडू जाळ्यात गेला की गोल झाला, एवढ्यावर माझे ज्ञान संपते. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे इंग्लंडात गेलो असताना त्याने मला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर नेले, ते केवळ ‘मामांना काहीतरी दाखवायला हवे’ म्हणून. मैदानाबाहेर ब्राँझचा एक पुतळा उभा आहे. दोन्ही हात पसरलेला, कोट घातलेला, मध्यम वयाचा एक गृहस्थ. चबुतऱ्यावर नाव कोरलेले: शँक्ली. आणि त्याखाली इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ एवढाच की याने लोकांना आनंद दिला.

मी तिथे थबकलो. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. शिलालेख, सनदा, समाध्या यांवरच्या बिरुदांची मला सवय आहे. गोब्राह्मणप्रतिपालक, सेनासाहेब सुभा, हिज हायनेस, नाइट कमांडर! आणि इथे एका माणसाच्या आयुष्याचा जमाखर्च चारपाच शब्दांत मांडला होता, तोही बिरुदाशिवाय. हे खरे असेल का, आणि असेल तर या माणसाने ते साधले कसे, हे शोधण्याचा मला मग छंदच लागला.

बिल शँक्लीचा जन्म २ सप्टेंबर १९१३ चा. स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यातले ग्लेनबक हे कोळशाच्या खाणीवर जगणारे खेडे. आईबापांना दहा मुले: पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे पुढे धंदेवाईक फुटबॉलपटू झाले. हा काही त्या एका घराचाच चमत्कार नव्हता; एवढ्याशा गावाने सुमारे पन्नास धंदेवाईक खेळाडू दिले असे सांगतात. कारण उघड आहे. त्या गावात पोराला दोनच वाटा होत्या: एक जमिनीखाली जाणारी आणि दुसरी चेंडूच्या मागे धावत गावाबाहेर पडणारी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि बिलही खाणीत लागला. दोनेक वर्षांत ती खाणच बंद पडली. बेकारी आली आणि तिच्यामागून फुटबॉल आला.

१९३२ मध्ये कार्लाइल आणि पुढल्या वर्षी प्रेस्टन, अशा क्लबांकडून तो खेळू लागला. १९३८ मध्ये प्रेस्टनने एफ.ए. कप जिंकला तेव्हा तो संघात होता. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. ती त्याने विमानदलात काढली आणि तिथेच त्याला नेसी भेटली. १९४४ मध्ये त्यांचे लग्न झाले. या लग्नाबद्दल एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. लग्नाच्या वाढदिवशी त्याने बायकोला रॉचडेल क्लबचा सामना पाहायला नेले, असे लोक सांगत. शँक्ली ते ठामपणे नाकारी. फुटबॉलच्या हंगामात मी लग्न करीन तरी का, असे तो विचारी. तो लग्नाचा वाढदिवस नव्हता, बायकोचा वाढदिवस होता, आणि सामना रॉचडेलचाही नव्हता, रॉचडेलच्या राखीव संघाचा होता! ही गंमत मी घरी सांगितली तेव्हा सगळे हसले. आमच्या सौभाग्यवती तेवढ्या हसल्या नाहीत. पुढे मला कळले की त्यांचेच बरोबर होते. पण ते ओघाने येईल.

खेळणे संपल्यावर तो मॅनेजर झाला. इंग्लंडात फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणजे कारकुनी करणारा व्यवस्थापक नव्हे. संघ घडवणारा, निवडणारा आणि हरला तर शिव्या खाणारा तो धनी. कार्लाइल, ग्रिम्सबी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड अशी दहा वर्षे त्याने लहानमोठ्या क्लबांत काढली. लिव्हरपूलने त्याला १९५१ मध्येही मुलाखतीस बोलावले होते. पण संघ निवडण्याचा शेवटचा अधिकार संचालकांचा, हे त्याला मानवले नाही. अखेर डिसेंबर १९५९ मध्ये तो लिव्हरपूलला आला. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता, मैदानाला अवकळा आली होती, सरावाच्या जागेत रान माजले होते. त्याच्या कारकिर्दीतला पहिलाच सामना घरच्या मैदानावर चार विरुद्ध शून्य असा गेला. चार गोल अर्थातच कार्डिफचे.

पुढची यशाची यादी मी भराभर सांगून टाकतो, कारण ती कुठल्याही क्रीडाकोशात सापडेल. १९६२ मध्ये वरच्या श्रेणीत बढती. १९६४, १९६६ आणि १९७३ मध्ये लीगचे अजिंक्यपद. १९६५ मध्ये क्लबच्या इतिहासातला पहिला एफ.ए. कप आणि १९७४ मध्ये पुन्हा तोच. १९७३ मध्ये युरोपातला यूएफा कप. मोठी कामगिरी खरीच. पण एवढ्याने पुतळ्याखाली ती ओळ येत नाही. त्याच्याहून अधिक कप जिंकलेले मॅनेजर आहेत. लिव्हरपूलमध्येच त्याचा मदतनीस बॉब पेझली त्याच्यानंतर गादीवर आला आणि नऊ वर्षांत त्याहून कितीतरी जास्त जिंकून गेला. तरी शहराने जीव टाकला तो शँक्लीवर.

याचे उत्तर त्या मैदानाच्या एका टोकाला आहे. गोलच्या मागे भराव घालून उभारलेला एक प्रचंड उतरता कट्टा होता. त्यावर खुर्च्या नव्हत्या, लोक उभ्याने सामना पाहत. त्याच्या भरात सुमारे २८ हजार माणसे तिथे दाटीवाटीने मावत. तिकीट सगळ्यांत स्वस्त, म्हणून माणूस सगळ्यांत गरीब. गोदीतला हमाल, कारखान्यातला कामगार, बेकार पोरगा. लिव्हरपूलच्या गोदीत १९६७ पर्यंत रोजंदारीची पद्धत होती. सकाळी घोळका करून उभे राहायचे आणि मुकादम ज्याला निवडील त्याला त्या वेळेपुरते काम. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे असतात, तसेच. आठवडाभर कोणीतरी निवडावे म्हणून उभा राहणारा माणूस शनिवारी दुपारी स्वतःच्या हक्काने उभा राही तो या कट्ट्यावर.

या कट्ट्याचे नाव ‘स्पायॉन कॉप’, लाडके नाव नुसते ‘कॉप’. मराठी कानाला त्यात क्रोध ऐकू येईल, परंतु मूळ आफ्रिकान्स शब्दाचा अर्थ टेहळणीची टेकडी. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या या टेकडीवर लँकेशायरच्या पलटणींची कत्तल झाली. त्यांत लिव्हरपूलची पोरे पुष्कळ होती. १९०६ मध्ये कट्टा उभा राहिला तेव्हा एका स्थानिक वृत्तपत्राच्या क्रीडासंपादकाने त्याला त्या टेकडीचे नाव दिले. इथे माझ्यातला इतिहासशिक्षक जागा झाला, कारण त्याच टेकडीवरून जखमींना स्ट्रेचरवर घालून मैलोगणती वाहून नेणाऱ्यांत आपली माणसे होती. नाताळ प्रांतातल्या सुमारे ११०० हिंदी लोकांचे ते शुश्रूषापथक, आणि त्याचा म्होरक्या मोहनदास करमचंद गांधी नावाचा तिशीतला बॅरिस्टर. लँकेशायर ब्रिगेडचा सेनापती जनरल वुडगेट जखमी झाला, त्यालाही याच पथकाने वाहून नेले. अ‍ॅनफील्डच्या कट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. असो. नाव मरणाचे, पण तिथे चालायचे ते गाणे आणि आरडाओरडा.

शँक्लीने हा कट्टा पाहिला आणि त्याला त्यात ग्लेनबक दिसले असावे. ‘असावे’ हा माझा तर्क. पण त्याचे वागणे या तर्काला पुरावा देते. तो खेळाडूंना सतत बजावी की तुमचा पगार ही माणसे देतात; त्यांच्यासाठी खेळायला मिळणे हा तुमचा मान आहे, त्यांचा नव्हे. त्याचा समाजवाद पुस्तकातून आलेला नव्हता. सर्वांनी एकमेकांसाठी राबावे आणि फळ सर्वांनी वाटून घ्यावे, एवढाच त्याचा सिद्धान्त. तो फुटबॉललाही लागू आणि जगण्यालाही. लोक त्याला कामाच्या ताणाविषयी विचारीत तेव्हा तो म्हणे की खरा ताण खाणीत असतो, आठवड्याच्या शेवटी हातात पगार नसण्यात असतो. कप जिंकायला निघणे हे त्यापुढे बक्षीसच.

आता कोणी म्हणेल, यात काय विशेष? गर्दीपुढे गोड बोलणारे पुढारी आपण पायलीचे पन्नास पाहिले आहेत. मलाही हीच शंका होती. म्हणून गर्दी नसताना हा माणूस काय करीत होता, ते मी शोधले. तो वेस्ट डर्बी भागातल्या एका साध्या, शेजाऱ्याशी भिंत सामाईक असलेल्या घरात राही. यश आले, कीर्ती आली. घर तेच राहिले. मरेपर्यंत तो तिथेच राहिला आणि त्याच्यामागे नेसीही. चाहत्यांची पत्रे येत त्यांना तो स्वतः उत्तरे देई. स्वतःच्या टाइपरायटरवर, स्वतःच्या बोटांनी. कधी कोणाला तिकीट मिळत नसे, त्याची सोय करी. कोणाला घरी फोन करी. पलीकडला माणूस आधी कोणीतरी चेष्टा करतो आहे असे समजत असेल, याची मला खात्री आहे. आजूबाजूच्या पोरांबरोबर तो मोकळ्या मैदानावर चेंडू लाथाडायला उतरे, आणि तिथेही, म्हणतात, त्याला हरणे खपत नसे. फोटोवाला नसताना बोटे दुखेपर्यंत टंकलेखन करणारा माणूस ढोंगी नसतो, एवढे मी इतिहासाच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पण देवमाणूस वगैरे म्हणू नये. जो खेळाडू दुखापतीने पडे त्याच्याकडे तो ढुंकून पाहत नसे. न खेळणारा खेळाडू त्याच्या लेखी जणू अस्तित्वातच नव्हता. अनोळखी पोराच्या पत्राला उत्तर देणारा हा माणूस स्वतःच्याच लंगडणाऱ्या खेळाडूशी बोलेना, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

१९७१ च्या मे महिन्यात लिव्हरपूल एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून हरले. हरलेला संघ परत आला तर स्वागताला सारे शहर रस्त्यावर. सेंट जॉर्जेस हॉलसमोर मुंगीला वाट मिळेना. त्या संघातला ब्रायन हॉल पुढे सांगत असे की वाटेत बसमध्ये शँक्लीने त्याला विचारले, तो चिनी माणूस कोण रे, वचनेबिचने सांगणारा? हॉल म्हणाला, चेअरमन माओ. बस्स. शँक्ली पुढे झाला, हात पसरले; प्रचंड जमाव गप्प झाला. आणि तो म्हणाला की चेअरमन माओनेसुद्धा तांबड्या ताकदीचे असे दर्शन कधी पाहिले नसेल! लिव्हरपूलचा पोशाख तांबडा, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. १९६४ पर्यंत सदरा तेवढा तांबडा होता. पायमोज्यांपर्यंत सगळे तांबडे करण्याची टूम शँक्लीच्याच काळातली. त्याच भाषणात त्याने सांगितले की या लोकांसाठी खेळणे हा मान आहे असे मी माझ्या पोरांना रोज बजावत आलो. आजवर त्यांना ते पटले नसेल तर आता पटले असेल. हरलेल्या सेनापतीने असे बोलावे आणि हरलेल्या गावाने विजयोत्सव करावा, हे मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

मग आला १९७३ चा एप्रिल. लेस्टरबरोबरचा सामना बरोबरीत सुटला आणि लीगचे अजिंक्यपद नक्की झाले. संघ मैदानाला फेरी घालत कॉपसमोर आला. कट्ट्यावरून मफलरांचा वर्षाव सुरू झाला. थंडीच्या देशात मफलर हे गरजेचे वस्त्र. पण त्या पोरांच्या गळ्यातला तांबडा मफलर आईने किंवा आजीने विणलेला असायचा आणि वारकऱ्याच्या गळ्यात माळ असावी तसा तो बारा महिने मिरवायचा. असा एक मफलर शँक्लीच्या दिशेने आला आणि गवतावर पडला. बंदोबस्तावरच्या पोलिसाने तो बुटाने बाजूला सारला. त्याचीही चूक म्हणवत नाही. बिचारा वाट मोकळी करीत होता.

शँक्ली थांबला. वाकून त्याने तो मफलर उचलला आणि आपल्या गळ्यात बांधला. मग त्या पोलिसाला म्हणाला, “तसं करू नका. त्यात कोणाचा तरी जीव असेल.”

शब्द थोडे मागेपुढे करून ही गोष्ट सांगतात. भाव सगळीकडे हाच. मला यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ‘कोणाचा तरी’ हा शब्द. मफलर कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते, ठाऊक होण्याची शक्यताही नव्हती. हजारो पोरांपैकी एकाचा. आणि त्या एकाने मात्र कट्ट्यावरून ते पाहिले असणार.

पुढल्या वर्षी मे महिन्यात वेम्बली मैदानावर न्यूकॅसलला तीन विरुद्ध शून्य असे हरवून एफ.ए. कप जिंकला. सामना संपल्यावर दोन चाहते धावत आले आणि शँक्लीच्या पायाशी लोळण घेऊन त्याच्या पावलांची चुंबने घेऊ लागले. आपल्याला यात नवल वाटायचे नाही. पण इंग्रज माणसाने, तेही चव्हाट्यावर!

आणि दोन महिन्यांनी, १२ जुलै १९७४ रोजी, त्याने राजीनामा दिला. वय साठ. तो थकला होता, नेसीलाही त्याने आता घरी असावे असे वाटत होते. राजीनामा द्यायला जाताना विजेच्या खुर्चीकडे चालत गेल्यासारखे वाटले, असे तो पुढे म्हणाला. शहराला ती बातमी खरीच वाटेना. टेलिव्हिजनचा एक वार्ताहर रस्त्यात लोकांना गाठून ही बातमी सांगत होता, ते चित्रण आजही पाहायला मिळते. शाळकरी पोरे त्याच्याकडे ‘आम्हांला बनवता काय’ अशा नजरेने पाहतात. मग हळूहळू चेहरा उतरतो. क्लबचे टेलिफोन खणखणू लागले. कारखान्यातल्या कामगारांनी तो परत आला नाही तर संप करू अशी धमकी दिली. पगारवाढीसाठी, बोनससाठी संप आपण ऐकले आहेत. मॅनेजरसाठी संप, ही कामगार चळवळीच्या इतिहासातली एक अनोखी नोंद म्हणावी लागेल.

त्यानंतरचे लिहिताना हात जड होतो. सवयीने तो सकाळी सरावाच्या मैदानावर जाई. खेळाडू जुन्या सवयीने त्यालाच ‘बॉस’ म्हणत आणि नवा बॉस पेझली अवघडून उभा राही. अखेर, येऊ नका, असे त्याला सुचवण्यात आले. दोघांचीही बाजू मला कळते. एका घरात दोन कर्ते चालत नाहीत, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण म्हातारा दुखावला तो दुखावलाच. त्याच्या घराजवळच प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबचे सरावाचे मैदान होते. तो तिथे जाऊ लागला आणि तिथे माझे अधिक अगत्याने स्वागत होते, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. क्लबने त्याला दूर केले. लोकांनी नाही केले. एका सामन्याला तो मानाची जागा सोडून सरळ कॉपवर गेला आणि त्या गर्दीत उभा राहून त्याने सामना पाहिला.

फुटबॉल हा जीवनमरणाचा प्रश्न नसून त्याहून मोठा आहे, हे त्याचे वाक्य जगभर पेल्यांवर आणि सदऱ्यांवर छापले जाते. लोक ते फुशारकीने म्हणतात. ते तो कधी बोलला, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. १९८१ मधल्या दूरचित्रवाणीच्या एका मुलाखतीत हा विषय निघाला. त्याआधी तो सांगत होता की मी या खेळात इतका जीव ओतला की माझ्या कुटुंबाला त्याची झळ लागली. त्याचे वाईट वाटते का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, फार वाटते. आणि मग ते वाक्य आले. मला तरी ती फुशारकी वाटत नाही, कबुली वाटते. रॉचडेलच्या राखीव संघाचा सामना पाहायला नेलेल्या बायकोची गोष्ट ऐकून आमच्या घरात एक व्यक्ती हसली नव्हती, ती का, हे मला त्या दिवशी कळले. हजारो घरांत आनंद पोचवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात त्याची वाट पाहणे चालू होते.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला हृदयविकाराने तो गेला. पुढल्या वर्षी मैदानाला त्याच्या नावाचे दरवाजे बसले. १९९४ मध्ये उभ्याने पाहण्याचा तो कट्टा जाऊन तिथे खुर्च्या आल्या. पुतळा १९९७ चा.

परत निघताना भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही पुतळ्याचा फोटो काढलात, पण गळ्याकडे पाहिलंत का?” मी मागे फिरलो. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. कोटाच्या कॉलरवरून, पसरलेल्या दोन हातांच्या मधोमध, ब्राँझचा एक मफलर लोंबत होता आणि त्याच्या टोकावरून थेंब गळत होते.